गाण्यावर झालेली कार्यवाही

लोकशाहीत प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेतले जाते. ते म्हणणे कशाबद्दल होते हे मात्र ऐकणाऱ्याने ठरवायचे असते, नाहीतर ऐकणाऱ्याला काही कामच उरणार नाही. हे तत्त्व आमच्या मांडेखेड फाट्यावर जितक्या कसोशीने पाळले गेले तितके अन्यत्र क्वचितच पाळले गेले असेल. म्हणून हा वृत्तान्त.

मांडेखेड फाटा दुसरबीड आणि सुलतानपूर यांच्या मधे येतो. येथे बस थांबते (चालकाच्या मनात असल्यास). येथेच रॉक या कलाप्रकारातले आमच्या भागातले पहिले गायक-गीतकार संघर्ष शंकरराव अवसरमोल यांचा उदय झाला. दुसरे अजून झालेले नाहीत, त्यामुळे क्रमवारीबद्दल वाद नाही.

संघर्षचे वडील शंकरराव हे गावातल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. जयंतीच्या दिवसांत त्यांचा आवाज शेजारच्या गावात विनाभोंगा पोचत असे. मुलाला आवाज वडिलांकडून मिळाला, राग त्याने स्वतः कमावला. त्याने घरात पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार वाजवून दाखवली तेव्हा शंकररावांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि विचारले,

"आवाज चांगला हाय तुहा. पन तू भांडून काऊन राह्यला? कोनी काही म्हनलं काय तुले?"

"कोनीच काही नाही म्हनलं, बाबा. हे रॉक हाय."

"मंग कोनी काही म्हनलं का तवा गात जाय."

कलेविषयी एवढे नेमके मार्गदर्शन पुण्या-मुंबईतल्या मुलांना पैसे मोजूनही मिळत नाही. पण तरुण वयात वडिलांचे ऐकण्याची पद्धत नसल्याने संघर्षने बँड काढला. नाव ठेवले 'ढेकूळ'. ड्रमवर आमीर होता. आमीरचे वडील रज्जाकभाई यांचे फाट्यावर वेल्डिंगचे दुकान. लहानपणापासून पत्रा ठोकून आमीरचा हात ठेक्याला बसला होता. रज्जाकभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पहले ठोकता था तो गेट बनता था. अब ठोकता है तो खाली आवाज होता." बास गिटारवर धम्मरत्न होता. बास गिटारचे वैशिष्ट्य असे की ती वाजत असताना कोणाला ऐकू येत नाही आणि थांबली की सगळ्यांना कळते. धम्मरत्नचा स्वभावही तसाच होता.

सराव रज्जाकभाईंच्या दुकानात चाले. वीज असली की वेल्डिंग चालू असायचे आणि वीज नसली की गिटार बंद पडायची. या दोन्हींच्या मधे जो वेळ उरतो तेवढ्यात बँड तयार झाला.

सुरुवातीची गाणी अंधार, एकटेपणा आणि जगण्याची निरर्थकता या विषयांवर होती. ती लग्नांमध्ये पंगत बसेपर्यंत वाजवली जात. एका लग्नात वधूपित्याने स्टेजजवळ येऊन हात जोडले आणि म्हटले, "थोडं हळू घ्या पोरंहो, आचारी घाबरून राह्यला." हा त्यांच्या कलेला मिळालेला पहिला जाहीर अभिप्राय.

आता थोडे सार्वजनिक बांधकामाकडे वळू.

फाट्यावर महिलांसाठी एक प्रसाधनगृह बांधण्यात आले. रंग फिका गुलाबी, भिंतीवर हसऱ्या बाईचे चित्र, आत पांढऱ्या फरशा. उद्घाटन झाले, पाठोपाठ पाहणी झाली आणि उत्कृष्ट स्वच्छतेचे प्रमाणपत्रही मिळाले. मग प्रश्न उभा राहिला की ही स्वच्छता टिकवायची कशी. जबाबदार मंडळींनी विचार केला, आणि वापर हेच अस्वच्छतेचे मूळ कारण आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्यानुसार दाराला कुलूप लावण्यात आले. तेव्हापासून ती वास्तू इतकी स्वच्छ आहे की इतर गावांची मंडळी तिची पाहणी करायला येतात. पाहणी अर्थातच बाहेरून होते.

फाट्यावरच्या बायांनी या धोरणाला मनापासून सहकार्य केले, म्हणजे पाणी पिणे सोडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने आणि त्यांच्यामागे उघडी वावरं, आडोसा म्हणून एक झुडूप नाही. संघर्षची आई जनकाबाई फाट्यावर टोपली घेऊन बसे. हंगामाप्रमाणे पेरू, बोरं, उकडलेल्या शेंगा. ती सकाळी घरून निघताना घोटभर पाणी पिई आणि त्यानंतर थेट घरी परतल्यावर. मधे ऊन असे.

एका उन्हाळ्यात तिच्या कुशीत अशी कळ उठली की टोपली तशीच टाकून तिला सुलतानपूरच्या दवाखान्यात न्यावे लागले. निदान मूतखड्याचे झाले. तिथल्या लॅबमध्ये रेणुका काम करत होती. रेणुका आमच्याच गावची, संघर्षच्या शाळेतली, बुधवारची सुट्टी सोडून रोज फाट्यावरून बसने सुलतानपूरला जाणारी. तिने रिपोर्ट संघर्षच्या हातात दिला.

"डॉक्टरनं काय लिहून देलं पाहाय," ती म्हणाली. "पानी भरपूर प्या. पेल्यावर कुठं जा, हे कोनी लिहत नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? मावशी दिवसभर पानीच पेत नाही. मी नाही पेत. फाट्यावर कोनतीच बाई पेत नाही. माही बाटली भरून नेते मी सकाळी, संध्याकाळी भरलेलीच परत आनते."

संघर्ष पंचविशी ओलांडलेला कवी. जगण्याच्या निरर्थकतेवर त्याच्या नावावर बरीच गाणी जमा होती, पण ही गोष्ट त्याला आज कळली. तो कॉटवर पडलेल्या आईकडे गेला.

"माय, तू मले काऊन नाही सांगतलं?"

"असं पोराले सांगत असतात काय?" जनकाबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

शंकररावांच्या मार्गदर्शनातली अट अखेर पूर्ण झाली होती. संघर्षने घरी येऊन गाणे लिहिले.

*माही माय पानी पेत नाही,*
*उन्हात बसते, पानी पेत नाही,*
*भरला तांब्या पुढ्यात ठेवते,*
*पाहात राहते, पेत नाही.*

बस्स, एवढेच. पुढे गिटार आणि आमीरचे ठोकणे.

हे गाणे प्रथम मेहकरला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सादर झाले. मुलींना ते पहिल्या ओळीत समजले. मुलांना ते आवडले. मुलींची बाजू एकदम गप्प झाली, मुलांच्या बाजूने खुर्च्या डोक्यावर घेतल्या. कोणीतरी व्हिडिओ काढला. तो फोनाफोनांतून इतका फिरला की पंधरवड्यात त्याची डीजेवाली आवृत्ती निघाली आणि त्या लग्नसराईत जिल्ह्यातली वरात या गाण्याशिवाय हलेना. 'माही माय पानी पेत नाही' या ओळीवर नवरदेवाचे काका-मामा कमरेत वाकून नाचत. कलावंताला याहून मोठे समाधान नसते असे म्हणतात. संघर्षने याबाबत मत दिलेले नाही.

गाणे प्रशासनापर्यंत पोचले, आणि इथे प्रशासनाचे मोकळ्या मनाने कौतुक केले पाहिजे. वर्षानुवर्षे अर्ज येऊनही जे हलले नव्हते ते एका गाण्याने हलले. एका आईला पाणी प्यायला मिळत नाही ही बाब गंभीर आहे असे ठरले. दोन गाड्या भरून पथक आले. पथकाने फाट्याची पाहणी केली, रज्जाकभाईंकडे चहा घेतला आणि निष्कर्ष काढला: आई पाणी पीत नाही, अर्थात पाणी नाही. महिन्याभरात फाट्यावर थंड आणि शुद्ध पाण्याचे यंत्र बसले. बटण दाबले की पाणी, दुसरे दाबले की आणखी थंड पाणी. यंत्र प्रसाधनगृहाच्या भिंतीला टेकून बसवले होते, कारण दुसरीकडे सावली नव्हती.

उद्घाटनाला सभापती हिंमतराव आले. त्यांनी पहिला ग्लास स्वतः भरला आणि दवाखान्यातून परतलेल्या जनकाबाईच्या हातात दिला.

"प्या, जनकाबाई, प्या! आता कायची कमी?"

जनकाबाईने ग्लासाकडे पाहिले, गुलाबी भिंतीकडे पाहिले आणि ग्लास ओठाला लावला. फोटो निघाले. ग्लास खाली आला तेव्हा पाणी होते तेवढेच होते.

"पेल्या नाही तुम्ही," हिंमतराव म्हणाले.

"पेते ना साहेब. घरी जाऊन पेते."

संघर्षला राहवले नाही. तो पुढे गेला. "साहेब, पान्याचं नव्हतंच हो काही. पानी तर होतं. त्या दाराचं कुलूप काढा. बाया पानी पेतील कशा?"

सोबतच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे फाइलमधून गाण्याची प्रत काढली. चारही ओळी वाचल्या. "यात पाण्याचा उल्लेख आहे. उन्हाचा आहे, तांब्याचाही आहे. कुलपाचा नाही. तुम्ही कवी आहात, नेमकं लिहायला पाहिजे. सुधारित गाणं सादर करा, बघू."

साहित्याचे इतके बारकाईने वाचन आता विद्यापीठांतही होत नाही. संघर्षने सुधारित गाणे लिहायला घेतले. त्यात 'संडास' हा शब्द होता. तो शब्द मंचावरून उच्चारणे मान्यवरांच्या उपस्थितीत योग्य दिसणार नाही, त्याऐवजी 'प्रसाधनगृह' म्हणावे अशी सूचना आली. बँडने प्रामाणिकपणे प्रयत्न केला.

"नाही बसत बे," आमीरने काड्या खाली ठेवल्या. "ह्या एका शब्दातच ठेका संपून जाते."

सुधारित गाणे अशा रीतीने विचाराधीन राहिले.

दरम्यान गायक-गीतकाराच्या आयुष्यात दुसरी एक गोष्ट घडत होती. रेणुकाची सुलतानपूरची बस रोज उशिरा येई. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. त्या वेळात रेणुका जनकाबाईच्या टोपलीशेजारी उभी राही आणि संघर्षला त्याच वेळी आईला डबा द्यायचा असे. बोलणे आईच्या तब्येतीवरून सुरू होई आणि भलतीकडे जाई. एके दिवशी रेणुका म्हणाली, "तू फक्त दुःखाचीच गानी लिहतो काय?" त्यावर संघर्षने आयुष्यातले पहिले सुखाचे गाणे लिहिले. त्याचे पालुपद होते, *तिची गाडी उशिरा येऊ दे.* सुलतानपूरच्या एका कार्यक्रमात त्याने ते गायले. गाताना त्याने डोळे मिटून घेतले होते.

गाणे आगारापर्यंत पोचले. प्रवासी बसच्या उशिराबद्दल जाहीर गाणी म्हणू लागले आहेत याची गंभीर दखल घेण्यात आली. दुसऱ्या आठवड्यापासून सुलतानपूरची बस वेळेवर येऊ लागली. फाट्याच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. लोक नेहमीच्या अंदाजाने घरून निघत आणि त्यांना बस मिळत नसे. पुष्कळांचे हाल झाले.

रेणुकाला आता उभे राहायला वेळ उरला नाही. ती येई तोच बस येई. एक पाय पायरीवर ठेवून तिने विचारले,

"ते गानं माह्यासाठी होतं ना?"

"हाव."

"मंग मले सांगायचं होतं. अख्ख्या जिल्ह्याले काऊन सांगतलं?"

कंडक्टरने घंटी मारली. संघर्ष डबा हातात घेऊन उभा राहिला. वेळेवर धावणाऱ्या बसकडे इतक्या वाईट नजरेने पाहणारा प्रवासी त्या आगाराने पूर्वी पाहिलेला नसावा.

एवढे यश मिळाल्यावर सत्कार टळत नाही. बुधवारी फाट्यावर बाजार भरतो, म्हणून बुधवार ठरला. स्टेज प्रसाधनगृहाला लागूनच घातले, कारण गुलाबी भिंत फोटोत चांगली येते. हिंमतरावांनी जनकाबाईला शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि कलावंताची माता म्हणून खुर्चीवर बसवले. ऊन चढले होते. भाषणे झाली. मग 'ढेकूळ'ने गाणे सुरू केले.

*भरला तांब्या पुढ्यात ठेवते,* ही ओळ आली आणि जनकाबाई उठली.

ती स्टेजच्या कडेने उतरून दारापाशी गेली. हातातला नारळ तिने कुलपावर हाणला. नारळ फुटला, कुलूप फुटले नाही. तिने नारळाची भकलं खाली टाकली, आपल्या टोपलीपाशी आली, तागडीचे एक किलोचे लोखंडी वजन उचलले आणि परत गेली. दोन-तीन घावांत कुलूप निखळून पडले. शाल सावरत जनकाबाई आत गेली आणि तिने आतून कडी लावली.

आमीर वाजवायचा थांबणार होता. पण संघर्षने मान हलवून त्याला थांबू नको म्हणून सांगितले, कारण त्याला दिसत होते की रेणुका गर्दीतून वाट काढत दारापाशी जाऊन उभी राहिली आहे, तिच्यामागे आमीरची आई नसीमा, तिच्यामागे शेंगावाल्या गोजरबाई, आणि बाजाराला आलेल्या बाया पिशव्या सावरत एकेक करून रांगेत येत आहेत. तो गिटार वाजवत राहिला. धम्मरत्नची जागा रांगेकडे तोंड करून होती. त्याने ओठांच्या कोपऱ्यातून सांगितले, "अजून लय हायेत. थांबू नको."

प्रेक्षकांना हा सगळा कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या थांबेनात. फोन वर झाले. हिंमतराव माइक ओढून घेऊन म्हणाले, "याला म्हणतात सादरीकरण!"

जनकाबाई बाहेर आली. कोणाकडेही न पाहता ती यंत्रापाशी गेली, बटण दाबले, ग्लास भरला आणि भरदुपारी सगळ्या गावासमोर गटागटा प्याली. मग दुसरा ग्लास भरला. गिटार वाजवणाऱ्या संघर्षच्या डोळ्यांत पाणी आले. (या पाण्याची नोंद कोणत्याही विभागाकडे नाही.)

दुसऱ्या दिवशी दाराला नवे कुलूप लागले. स्वच्छतेच्या प्रमाणपत्राचा प्रश्न होता.

पण कार्यक्रम लोकांना इतका भावला होता की पुढच्या बुधवारी पुन्हा मागणी आली. मग दर बुधवारी. बाहेरगावाहून माणसे येऊ लागली, भजी-चहाची दुकाने वाढली. गाणे सुरू होई, तिसऱ्या ओळीवर जनकाबाई उठे, कुलूप तोडे, बाया आत जात, टाळ्या पडत, आणि गुरुवारी नवे कुलूप येई. कुलपांसाठी सांस्कृतिक निधीतून तरतूद झाली. काही दिवसांनी महिलांच्या आग्रहावरून शनिवारही वाढवण्यात आला. रॉक संगीताला ग्रामीण महिलांचा एवढा प्रतिसाद देशात इतरत्र नसल्याचे एका अभ्यासकाने लिहिले आहे. ते आम्हालाही खरे वाटते. फाट्यावरच्या बाया आता आठवड्यातून दोन दिवस पाणी पीत होत्या.

रेणुकाने एकदा कार्यक्रमाच्या नियोजनाच्या बैठकीत उभे राहून विचारले, "कुलूप लावूच नका ना मंग."

हिंमतराव तिच्यावर रागावले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, कुलूपच नसलं तर मावशी तोडतील काय? अन् मंग लोक पाहायले काऊन येतील?" बैठक पुढच्या विषयाकडे वळली.

गाण्याची लांबी रांगेवर ठरे. रांग संपेपर्यंत गिटार थांबत नसे. शब्द चारच ओळींचे असल्याने उरलेला सगळा वेळ संघर्ष एकटा वाजवी, ज्याला जाणकार सोलो म्हणतात. पुण्याचे एक समीक्षक मुद्दाम येऊन ऐकून गेले. या कलावंताला संपवण्याची घाई नाही, त्याच्या वादनात एक ध्यानस्थ विस्तार आहे, असे त्यांनी लिहिले. कापूस वेचणीच्या दिवसांत फाट्यावर बायांची गर्दी जास्त असते, त्यामुळे त्या काळातले सोलो अधिक प्रगल्भ मानले जातात.

यानंतर पुण्याहून बोलावणे आले. एका संगीत कंपनीने शहराशहरांतून 'ढेकूळ'चा दौरा ठरवला. संघर्षला हेच तर हवे होते, शाळेपासून हवे होते. पण त्याचा पाय निघेना. तो आईपाशी बसला.

"मी गेलो तं बुधवारचं काय होईन?"

"जाय तू," जनकाबाई पेरू पुसत म्हणाली. "एवढी वर्सं पेलं नाही तं काही मेली नाही मी. माह्यापायी तू फाट्यावर बसून राह्यशीन काय जलमभर?"

रेणुका वेळेवर आलेल्या बसमध्ये चढता चढता एवढेच म्हणाली, "जाऊन ये." 'जाऊन' आणि 'ये' या दोन शब्दांपैकी तिचा जोर कोणत्या शब्दावर होता याचा विचार करत संघर्ष पुण्याला पोचला.

सभागृह मोठे होते आणि गार होते. लोक तिकीट काढून आले होते. संघर्षने गाणे सुरू केले. तिसरी ओळ आली, कोणी उठले नाही. चौथी संपली. तो सोलो वाजवू लागला आणि सवयीने रांग शोधू लागला. लोक खुर्च्यांत डोळे मिटून बसले होते. स्टेजवरून दिसणाऱ्या बाहेरच्या बोळात बायकांच्या प्रसाधनगृहाचे दार उघडे होते, आत दिवे लागलेले होते आणि कोणी नव्हते. संघर्ष वाजवत राहिला. बोटे दुखायला लागली. धम्मरत्न त्याच्या कानाशी आला.

"बंद कर आता."

"कवा बंद करू?"

"मले काय मालूम! रांग संपली का बंद करतो आपन."

"रांग कुठं हाय पन?"

"तेच तं."

शेवटी सभागृहाच्या माणसाने वेळ संपल्याची खूण केली तेव्हा गिटार थांबली. सगळे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. ध्यानस्थ विस्तार त्या दिवशी अभूतपूर्व झाला होता. कंपनीच्या माणसाने संघर्षला मिठी मारली आणि पुढच्या शहराची तारीख सांगितली.

"मले जमनार नाही," संघर्ष म्हणाला. "आमच्याकडं बुधवार असते."

कंपनीच्या माणसाने बुधवार सगळीकडेच असतो हे निदर्शनास आणून दिले. पण उपयोग झाला नाही.

तो बुधवार बँडविना उजाडला होता. पुण्याहून निघालेली गाडी अजून वाटेत होती. फाट्यावर स्टेज नव्हते, भोंगे नव्हते, प्रेक्षक नव्हते. जनकाबाईने दुपारपर्यंत वाट पाहिली, मग वजन उचलले आणि नेहमीप्रमाणे कुलूप तोडले. बायांची रांग लागली. एवढ्यात बंदोबस्ताचे हवालदार प्रेमानंद तिथे आले. या हवालदारांनी आजवरच्या सगळ्या कार्यक्रमांना बंदोबस्त दिला होता आणि प्रत्येक वेळी टाळ्याही वाजवल्या होत्या. पण कायद्याची एक बाजू आहे. गाणे चालू असताना कुलूप तुटले तर तो सांस्कृतिक कार्यक्रम असतो. गाणे नसताना तेच कुलूप तुटले तर ते सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान होते.

"हे काय चालू हाय?" त्यांनी विचारले.

जनकाबाईच्या हातात वजन तसेच होते. रेणुका रांगेतून म्हणाली, "रिहर्सल."

"कायची रिहर्सल? गानं कुठं हाय?"

रेणुकाने इकडेतिकडे पाहिले. ज्याचे गाणे होते तो अजून पुण्याहून येणाऱ्या गाडीत होता. तिने घसा खाकरला आणि सुरू केले, *माही माय पानी पेत नाही.* सूर थोडा वर लागला. नसीमाने खालचा सूर धरला. गोजरबाईला शब्द पाठ होते, वरातीत ऐकून झालेले. जनकाबाईने टोपली रिकामी करून पालथी घातली आणि हाताने ठेका धरला. एक बाई आत जाई, एक बाहेर येऊन गाण्यात सामील होई. हवालदार हात मागे बांधून उभे राहिले. रिहर्सलमध्ये व्यत्यय आणण्याची तरतूद त्यांना आठवेना.

संघर्ष बसमधून उतरला तेव्हा हे चालू होते. गाणे त्याचेच होते पण सावकाश होते, त्यात राग नव्हता. तिसरी ओळ बायांनी बदलली होती. त्याने लिहिली होती त्यापेक्षा ती बरी झाली होती हे त्याला लगेच कळले, आणि ते कळायला त्याला किंचित त्रासही झाला. तो गिटारची पिशवी खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

रेणुकाने त्याला पाहिले. गाता गाता ती दारापर्यंत आली होती.

"उभा काय राह्यला?" ती म्हणाली. "माहा नंबर आला. हे गानं धर."

आणि ती आत गेली. संघर्षने गाणे धरले, तिने सोडले होते तिथून, तिच्याच सुरात. तो सूर त्याला उंच पडत होता. ती बाहेर येईपर्यंत त्याने तो सोडला नाही.

रेणुका आणि संघर्ष यांचे पुढे जमले. शंकररावांनी सून पसंत केली, आवाजासकट. 'ढेकूळ'मध्ये आता पुढे बाया गातात आणि संघर्ष त्यांच्यामागे गिटार वाजवतो. तिथून रांग चांगली दिसते असे त्याचे म्हणणे आहे. हवालदार प्रेमानंद त्या दिवशी शेवटच्या बाईपर्यंत थांबले, मनापासून टाळ्या वाजवल्या आणि कसलीही नोंद न करता निघून गेले. गुरुवारी नवे कुलूप आले.

एकंदरीत पाहता फाट्यावरच्या बायांनी दाद मागितली होती. त्यांना मेहकरात दाद मिळाली, वरातींत मिळाली, सभापतींकडून शालीसह मिळाली, पुण्याला उभे राहून मिळाली आणि खुद्द पोलिसांकडून मिळाली. वाचकहो, हे वाचताना तुम्हीही दोन-चार ठिकाणी हसला असाल, एखाद्या ठिकाणी वा म्हणाला असाल. म्हणजे तुमचीही दाद मिळालेली आहे. ज्या दारी मागितली त्या प्रत्येक दारी मिळाल्यामुळे आता तक्रारीला जागा राहिलेली नाही. सबब हे प्रकरण आपल्या सर्वांच्या संमतीने निकाली काढण्यात येत आहे.

बुधवारी सवड असल्यास अवश्य या. पुरुषांसाठी खुर्च्यांची सोय केली आहे.